शब्दचर्चा: एकसदनी की एकसभागृही?

विचारणा: विधी महाविद्यालयात आम्हाला एका काल्पनिक देशाच्या राज्यघटनेचा मसुदा करायचा आहे. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांमुळे विधानपरिषद कोल्हापुरात सगळ्यांच्या ओळखीची, पण आमच्या गटाने राष्ट्रीय संसद एकाच सभागृहाची ठेवली आहे. तिला एकसभागृही म्हणावं की एकसदनी?

उत्तर: एकसदनीच लिही. 'सभागृहाने ठराव केला' आणि 'सभागृह भाड्याने मिळेल' ही दोन्ही वाक्यं आपण सहज बोलतो. कायद्याच्या कलमात असा दुहेरी अर्थ नको.

आणखी एक मत: मग दिल्लीतलं महाराष्ट्र सदन? तीही इमारतच की!

उत्तर: बरोबर आहे ताई, म्हणून व्याख्येचं कलम लागतंच. तरी 'एकसदनी' सुटसुटीत आहे आणि 'द्विसदनी'शी त्याची जोडी जमते. जास्त काळजी घ्यायची ती 'संसद' या शब्दाची. आपल्या अनुच्छेद ७९ प्रमाणे संसद म्हणजे राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा मिळून. म्हणजे सदन एकच ठेवलं तरी राष्ट्रप्रमुख संसदेत धरायचा की बाहेर, हे मसुद्यात ठरवावं लागेल. 'सदनाने मंजूर केलं' आणि 'संसदेने कायदा केला' यांत त्याच्या संमतीचा फरक आहे. हे शब्द आलटूनपालटून वापरले तर पुढे कोर्टात वाद ठरलेला.

शिवाय 'वरिष्ठ सभागृह' गेलं की फेरविचाराचं काम कुणाला तरी द्यावं लागतं. डेन्मार्कने १९५३ मध्ये ते काढलं, तेव्हा १७९ पैकी एक तृतीयांश सदस्यांना मंजूर विधेयकावर सार्वमत मागण्याचा हक्क दिला. अर्थविषयक आणि इतर काही विधेयकं वगळून. इथे 'जनमत' लिहू नकोस. लोकांचा नुसता कल म्हणजेही जनमतच. सार्वमतात प्रत्यक्ष मतदान होतं.

विचारणा: सदस्य ३०० ठेवलेत. चालतील?

उत्तर: विषम संख्या घे. स्वीडनच्या एकसदनी संसदेत ३५० जागा होत्या. १९७३ च्या निवडणुकीत दोन्ही बाजू १७५–१७५ झाल्या आणि काही निर्णय चिठ्ठ्या टाकून घ्यावे लागले. १९७६ पासून जागा ३४९ झाल्या. अर्थात एखादा गैरहजर राहिला की बरोबरी पुन्हा होऊ शकते, म्हणून 'निर्णायक मत' कुणाचं तेही लिही. ते अध्यक्षांचं असू दे. 'सभापती' हा शब्द आपल्याकडे राज्यसभा आणि विधानपरिषदेसाठी आहे; लोकसभेला आणि विधानसभेला अध्यक्ष असतात.