अवधान, जाणीव, शुद्ध, भान: कोणता शब्द कुठे योजावा?

प्रश्न: मेंदूविज्ञानावरील एका लेखाचे संपादन करताना 'अटेन्शन'साठी लक्ष, ध्यान व अवधान आणि 'कॉन्शसनेस'साठी चेतना, जाणीव, शुद्ध व भान असे शब्द सरमिसळ वापरलेले आढळले. प्रत्येकासाठी एकच शब्द ठरवून तो सर्वत्र ठेवावा का?

उत्तर: 'कॉन्शसनेस'साठी तरी एकच शब्द ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या विषयाचे अभ्यासक त्या एका इंग्रजी शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी तपासतात आणि त्या वेगळ्या दाखवणारे शब्द मराठीत आधीपासून आहेत. पहिली गोष्ट म्हणजे माणूस किती जागा आहे. १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून या संशोधकांनी मांजराच्या मस्तिष्कस्तंभातील (मेंदू व मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागातील) जालिका भागाला, म्हणजे तेथील पेशींच्या जाळ्याला, विद्युत उद्दीपन दिले, तेव्हा मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख झोपेसारख्या लहरींकडून जागृतीच्या लहरींकडे वळला. १९७४ पासून रुग्णालयांत वापरली जाणारी ग्लासगो श्रेणीही डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून ३ ते १५ असे गुण देऊन हेच मोजते. येथे 'शुद्ध' हाच शब्द योग्य आहे. 'शुद्धीवर येणे' हे डॉक्टरही म्हणतात आणि रुग्णाचे नातेवाईकही.

दुसरी गोष्ट म्हणजे जागेपणी कशाचा अनुभव येतो. तिला 'जाणीव' म्हणावे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अपघातानंतर डोळे उघडे असूनही कोणताच प्रतिसाद न देणाऱ्या २३ वर्षांच्या एका तरुणीला, आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना करण्यास सांगितले, आणि मेंदूच्या चुंबकीय चित्रणात निरोगी व्यक्तींप्रमाणेच हालचालींच्या नियोजनाशी निगडित भाग सक्रिय झालेला दिसला. ती जागी आहे हे सर्वांना दिसतच होते. शोध लागला तो जाणिवेचा.

'अटेन्शन'साठी शास्त्रीय लेखनात 'अवधान' घ्यावा. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे, तेव्हा हा शब्द नव्याने घडवलेला नाही. 'ध्यान' मात्र येथे टाळावा. 'ध्यानात ठेवणे' मराठीत रूढ असले तरी आज वाचकासमोर प्रथम साधना उभी राहते. ओघवत्या वाक्यात 'लक्ष' चालेल, आणि त्याची क्रियापदे फार मोलाची आहेत. आपण लक्ष देतो, आणि एखादा आवाज आपले लक्ष वेधून घेतो. मायकेल पोस्नर यांच्या प्रयोगांतून पुढे आलेला, स्वेच्छेने वळवलेल्या आणि बाह्य संकेताने खेचल्या गेलेल्या अवधानातील फरक या दोन क्रियापदांत नेमका उतरतो.

एके ठिकाणी मात्र 'लक्ष' घोटाळा करतो. सायमन्स आणि शाब्रिस यांच्या १९९९ च्या प्रयोगात चित्रफितीतील खेळाडूंमधली चेंडूची देवाणघेवाण मोजणाऱ्या सुमारे निम्म्या प्रेक्षकांना समोरून गेलेला गोरिलाच्या वेशातील माणूस दिसला नाही. याचे वर्णन 'लक्षात आला नाही' असे केले, तर तो जाणवलाच नाही की जाणवून लगेच विसरला गेला, हे कळत नाही. आणि अशा प्रयोगांबद्दल संशोधकांतही नेमका हाच वाद झालेला आहे. तेथे लेखकाला काय म्हणायचे आहे, ते विचारून घ्यावे.

शंका: ज्याकडे अवधान नाही त्याची जाणीव होत नसेल, तर हे दोन शब्द एकाच गोष्टीची नावे ठरत नाहीत का?

उत्तर: ठरत नाहीत. दृष्टिबाह्यकाला, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागातील दृष्टीशी निगडित भागाला, इजा झालेले काही रुग्ण, दृष्टिक्षेत्राच्या अंध झालेल्या भागात काहीच दिसत नाही असे सांगत असूनही तेथील वस्तूची जागा बऱ्याच अंशी अचूक दाखवतात, हे मानसशास्त्रज्ञ वाइसक्रांट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये एका रुग्णात नोंदवले. पुढे १९९९ मध्ये केंट्रिज, हेवूड आणि वाइसक्रांट्झ यांना अशाच एका रुग्णात असे आढळले की, अंध भागात दाखवलेल्या संकेतामुळे तेथील वस्तूला त्याचा प्रतिसाद जलद होतो. म्हणजे अवधान तेथे गेले, परंतु वस्तूची दृश्य जाणीव झाली नाही. उलट दिशेने, अवधानाशिवाय जाणीव होते का, यावर अजून एकमत नाही. दोन्ही शब्द एकच मानले, तर हा प्रश्न मराठीत मांडताच येणार नाही.

'भान' स्वतःच्या, स्थळाच्या आणि प्रसंगाच्या संदर्भासाठी राखावा. 'चेतना' शक्यतो टाळावा, कारण चेतापेशी, चेतासंस्था या संज्ञांशी त्याची गल्लत होते.

आणखी एक दुरुस्ती सुचवतो. मेंदूच्या उजव्या पार्श्विक (पॅरायटल) भागाला इजा झालेला रुग्ण कधी कधी ताटातील डाव्या बाजूचे अन्न तसेच ठेवतो. बिझियाक आणि लुझाती यांच्या १९७८ च्या अभ्यासातील रुग्णांनी तर मिलानमधील कॅथेड्रलसमोरचा चौक आठवून सांगतानाही डावीकडच्या इमारती वगळल्या आणि कल्पनेत उलट टोकाला उभे केल्यावर त्याच इमारती सांगितल्या. अशा रुग्णाविषयी 'तो डावीकडे दुर्लक्ष करतो' असे लिहू नये. मराठीत दुर्लक्ष हे बहुधा जाणूनबुजून केले जाते आणि त्यात दोषारोप असतो. 'त्याचे अवधान डाव्या बाजूला जात नाही' असे लिहावे.