दिग्दर्शक व्हायचंय: बडोद्यात राहून तयारी करावी की थेट मुंबई गाठावी?

सूरसागर_काठ:
बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे, दांडिया बाजारात राहतो. कॉलेजच्या आणि गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं केली, प्रकाशयोजनाही सांभाळली. दिग्दर्शनच करायचं हे पक्कं आहे. घरचे दोन वर्षं थांबायला तयार आहेत. ही दोन वर्षं बडोद्यात काढून प्रवेश परीक्षांची तयारी करावी, की मुंबईत एखाद्या मालिकेवर सहाय्यक म्हणून लागावं? बडोद्यात राहिलो तर नेमकं काय करायचं, हेही सांगा.

विंगेतून:
पदवी आधी पूर्ण करा. पुण्याच्या एफटीआयआयचा (सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्था) दिग्दर्शन आणि पटकथालेखनाचा ३ वर्षांचा अभ्यासक्रम असो की दिल्लीच्या एनएसडीचा (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) ३ वर्षांचा, दोन्हींना पदवी लागते, शाखा कोणतीही चालते. एनएसडी त्याशिवाय नाटकांतल्या सहभागाचे पुरावे मागते. त्यामुळे माहितीपत्रकं, फोटो, मंडळांची पत्रं आतापासूनच फाइलला लावत जा. वयाची आणि इतर अटी त्या-त्या वर्षाच्या माहितीपत्रकातच वाचा, ऐकीव माहितीवर अर्ज भरू नका.

आणि बडोदा सोडायची घाई कशाला? सयाजीरावांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या संगीतशाळेतून वाढलेली परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी गावातच आहे, तिचा नाट्य विभाग आहे. तिथे प्रवेश घेतलात तर उत्तमच, नाही तर निदान तिथल्या मुलांचे प्रयोग चुकवू नका. गुजराती आणि हिंदी नाटकंही पाहा. भाषा वेगळी असली की लक्ष आपोआप संवादांवरून रचनेकडे जातं.

पण खरं काम म्हणजे ३५-४० मिनिटांची एक एकांकिका स्वतः बसवणं, आणि तिची प्रॉम्प्ट बुक, म्हणजे हालचाली आणि क्यू नोंदलेली संहितेची प्रत, नीट तयार करणं. संहितेची पानं एकाच बाजूला छापून घ्या, समोरचं पान कोरं ठेवा. त्यावर वरच्या भागात ग्राउंड प्लॅनचा (रंगमंच वरून पाहिल्यासारखा) छोटा नकाशा, खाली त्या पानावरच्या हालचाली क्रमांक घालून, पेन्सिलने. उजवं-डावं नेहमी प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाचं. प्रकाश आणि संगीताचे क्यू (बदल नेमका कधी करायचा त्या खुणा) समासात दोन रंगांनी, आणि क्यू ज्या शब्दावर आहे त्याच शब्दाखाली रेघ. ‘बाबा रागावल्यावर उजेड मंद’ असं मोघम लिहिलं तर ऑपरेटर दर प्रयोगाला वेगळ्याच जागी मंद करणार. ‘प्र ७ (सातवा प्रकाश-क्यू), “निघ” शब्दावर, ५ सेकंदांत ३० टक्क्यांपर्यंत’ असं लिहिलं की तुम्ही आजारी पडलात तरी प्रयोग होतो.

साधारण २५ ते ३० तालमी धरा, प्रत्येकी तीन तासांच्या. पहिल्या पाच-सहा नुसत्या वाचनाच्या. नवे दिग्दर्शक इथेच घाई करतात. प्रत्येक पात्राला या प्रवेशात समोरच्याकडून काय हवंय हे ठरायच्या आत नटांना उठवून उभं केलं, की ते कारण नसताना खुर्चीपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालतात. ती सवय पुढे मोडत नाही. वाचनानंतर हालचाली. बाराव्या-तेराव्या तालमीला हातातली वही बंद. शेवटच्या आठ-दहा सलग, त्यातल्या किमान दोन दिवे आणि संगीतासह.

तालमीच्या खोलीत नेपथ्य खऱ्या मापाने जमिनीवर टेपने आखा आणि दार कोणत्या बाजूला उघडतं तेही दाखवा. तसं केलं नाही तर रंगीत तालमीला दार नटाच्या अंगावर उघडतं आणि एंट्रीचं टायमिंग कोसळतं. पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांत स्वतः बसून पाहा, अर्धं नेपथ्य तिथूनच झाकलं जातं.

गणेशोत्सवाच्या मांडवात करणार असाल तर वीज आधी मोजा. १००० वॅटचा दिवा सुमारे ४.३ अँपिअर घेतो. १६ अँपिअरच्या एका लाइनवर असे तीनच, चौथ्याला वेगळी लाइन.

क्लॅपवाला:
वरच्या सल्ल्याशी बरंचसं सहमत, फक्त मुंबई फार लांबणीवर टाकू नकोस. दुसऱ्या वर्षातले सहा महिने तरी सेटवर काढ. मालिकेच्या सेटवर नाटकातला अनुभव उपयोगी पडतो, पण वेग अंगावर येतो. अर्ध्या तासाच्या भागात मजकूर साधारण २२ मिनिटांचा, आणि दैनंदिन मालिकेचं युनिट दिवसाला जवळपास तेवढाच काढायला बघतं. शिफ्ट १२ तासांची. संवाद कधी आदल्या रात्री हातात येतात, कधी सकाळी.

नवख्याला बहुतेक क्लॅप (टेकच्या सुरुवातीला पाटी वाजवणं) किंवा कंटिन्युटी (शॉट एकमेकांशी जुळावेत म्हणून नोंदी ठेवणं) मिळते. कंटिन्युटी मिळाली तर सोनं समज. चहाचा कप कोणत्या शब्दावर उचलला, कोणत्या हाताने, त्यात चहा किती उरला होता, पदर कोणत्या खांद्यावर, मागच्या घड्याळात किती वाजलेत, हे सगळं टेकगणिक लिहायचं. मास्टरमध्ये (अख्ख्या प्रसंगाचा रुंद शॉट) कप ‘नाही’ शब्दावर खाली ठेवला आणि क्लोजमध्ये (जवळचा शॉट) दोन शब्द आधी, तर एडिटरला तिथे कटच मारता येत नाही. महिनाभर हे लिहिलंस की शॉट कुठे जोडला जाणार हे शूट चालू असतानाच दिसायला लागतं. दिग्दर्शकाला तेच लागतं.

पैशाचं स्पष्ट बोलून घे. टीव्हीत पैसे बरेचदा ९० दिवसांनी मिळतात, म्हणजे पहिले तीन-चार महिने राहण्या-खाण्याचा खर्च स्वतःच्या खिशातून. कामाचं स्वरूप, दिवसाचा दर आणि पैसे कधी मिळणार हे ईमेलवर लिहून घे, नुसत्या फोनवर विसंबू नकोस. दिग्दर्शक बनवतो म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर तिथूनच परत फिर.

सूरसागर_काठ:
दोघांचे आभार. एकांकिकेबरोबर एक लघुपटही करायचा विचार आहे, घरातच, दोन पात्रांचा. छापून आलेली एक कथा आवडलीय. परवानगी लागते का? आणि दोन दिवसांत होईल का?

तिसरी_घंटा:
होईल, आठ पानांच्या आत ठेवा. पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानाने एक मिनिट. छोट्या युनिटला कॅमेरा आणि दिवे हलवून नवा शॉट लावायला ३० ते ४५ मिनिटं लागतात. जेवण वगैरे वजा करता दिवसाला १५ सेटअप म्हणजे डोक्यावरून पाणी. तेव्हा शॉट लिस्टमध्ये ३० च्या वर जाऊ नका, आणि वेळ कमी पडला तर कोणते सहा गाळायचे ते आदल्या दिवशीच खूण करून ठेवा. सेटवर घाईत गाळलेला शॉट नेमका हवा असलेलाच निघतो.

दोन पात्रं समोरासमोर असली की त्यांच्यामधली कल्पित रेषा ओलांडू नका. सगळे सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा शॉट) आणि क्लोज एकाच बाजूने घ्या, नाहीतर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतील. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेमने शूट करताना शटर १/५० सेकंद ठेवा. वेगळं ठेवलं तर घरातल्या काही एलईडी दिव्यांखाली चित्रात पट्टे फिरतात. आवाजाची हयगय सर्वांत महाग पडते. फ्रिज आणि पंखा बंद, आणि प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिटमध्ये दोन टेकच्या मधली भगदाडं त्यानेच बुजतात.

परवानगी हवीच. लेखक हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं लेखनहक्क राहतो. कथा अनुवादित असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक, दोघांचीही लागते. पत्रात कथेचं नाव, लघुपटाची भाषा, तो महोत्सवात आणि इंटरनेटवर दाखवण्याची मुभा, श्रेयनामावलीतला मजकूर आणि मानधन स्पष्ट असू द्या. इंटरनेटचा उल्लेख राहिला तर लघुपट अपलोड करताना पुन्हा परवानगी मागावी लागेल. एकांकिकेचंही तेच: किती प्रयोग, कोणत्या गावांत, हे लेखकाशी आधीच ठरवून लेखी घ्या, आणि हे पत्र हातात आल्यावरच नटांना तारखा द्या.