टाचदुखी : इंजेक्शन घ्यावे की घेऊ नये? शनिवारच्या आत मदत हवी आहे

खडूफळा | सोमवार, रात्री १०.४०
नमस्कार. गेले पाच महिने माझी टाच दुखत असून आता सहनशक्ती संपत आली आहे. वेदनाशामक गोळ्या, मलम, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसणे, फिजिओथेरपीच्या यंत्राचा शेक आणि पूर्ण चार महिने मऊ रबराच्या एमसीआर चपला, असे सगळे करून झाले आहे आणि कशाचाही उपयोग झालेला नाही. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसते. आमच्या गावच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी टाचेत स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले असून शनिवारी येण्यास सांगितले आहे. पंधरवड्यात दहावीच्या परीक्षेचे पर्यवेक्षण सुरू होईल आणि त्यात तीन-तीन तास बसता येत नाही, म्हणून मला लवकर निर्णय घ्यायचा आहे. ज्यांनी हे इंजेक्शन प्रत्यक्ष घेतले आहे त्यांनीच कृपया लिहावे. वजन कमी करा हा सल्ला मला घरी रोज मिळतो, तो येथे देऊ नये.

चौकस | सोमवार, रात्री ११.०५
खडूफळा, तुम्ही दिलेल्या माहितीत निदानाच्या उपयोगाची म्हणून एक्स-रे हीच गोष्ट आहे आणि नेमकी तीच सर्वांत कमी उपयोगाची आहे. हाड वाढलेले असूनही ज्यांची टाच कधी दुखली नाही अशी माणसे पुष्कळ असतात, आणि दुखणे गेल्यावरही ते हाड तसेच राहते. म्हणून काही प्रश्न विचारतो. वय किती? टाच उजवी, डावी की दोन्ही? दुखते ते तळाशी, की मागच्या बाजूला जिथे पोटरीची शीर उतरते तिथे? सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिले पाऊल टेकवत नाही आणि दहा-बारा पावलांनी जरा सैल पडते, असे होते का? पावलाला मुंग्या येतात का? सकाळी कंबर ताठरते का? मधुमेह, थायरॉइड, युरिक ॲसिड यांपैकी काही आहे का?

रुईपान | मंगळवार, सकाळी ६.२०
ताई, इंजेक्शनाच्या भानगडीत पडू नये. आमच्या आजीचा उपाय असा की, चुलीत वीट चांगली तापवायची, ती बाहेर काढून तिच्यावर रुईची पाने अंथरायची आणि पानांवर टाच टेकवून बसायचे. पानांतून निघणारी वाफ टाचेत मुरली पाहिजे. माझ्या वडिलांची टाच सात दिवसांत मोकळी झाली. या दुखण्याला आयुर्वेदात वातकंटक म्हणतात आणि सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे. पाऊल वेडेवाकडे पडले की तिथला वायू कोपतो, असे त्याचे कारण सांगितले आहे. रुईचा चीक मात्र डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी.

कोकणवारा | मंगळवार, सकाळी ८.१५
टाचांसाठी आमच्याकडे एकच औषध आहे आणि ते म्हणजे भिरंडेल, अर्थात कोकमाच्या बियांचे तेल. थंडीत त्याचा मेणासारखा गोळा होतो. रात्री पाय स्वच्छ धुऊन, कोरडे करून, गोळ्याचे टोक दिव्यावर धरावे आणि वितळलेले तेल सोसवेल इतके कोमट झाल्यावर भेगांत भरावे. वरून सुती मोजे घालून झोपल्यास आठवड्यात भेगा भरून येतात. बाजारातील क्रीमवर पैसे घालवू नयेत.

खडूफळा | मंगळवार, दुपारी १.५०
मला भेगा नाहीत आणि भेगांविषयी मी काहीही विचारलेले नाही. चौकस, टाच म्हणजे टाच, ती तळाशीच दुखणार. वय ४६. सकाळचे पहिले पाऊल अगदी तुम्ही लिहिले आहे तसेच पडते, भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जावे लागते. मधल्या सुट्टीत बसून उठतानाही तसाच खिळा टोचतो. मुंग्या येत नाहीत, कंबर ठीक आहे. बाकीचे प्रश्न मला या विषयाशी संबंधित वाटत नाहीत. इंजेक्शन कोणी घेतले आहे का?

दोनदा टोचलेला | मंगळवार, दुपारी ३.३०
मी घेतले आहे, तेही दोनदा. कापडाच्या दुकानात मी दिवसभर काउंटरमागे उभा असतो. पहिले इंजेक्शन टोचताना डोळ्यांसमोर तारे चमकले, पण चार-पाच दिवसांत पाय इतका हलका झाला की पुढच्या आठवड्यात मी सिंहगड चढून आलो. हा मूर्खपणा होता, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. अडीच महिन्यांनी दुखणे होते त्या जागी परत आले. दुसऱ्या इंजेक्शनाचा गुण तीन आठवडेच टिकला आणि तिसरे देण्यास डॉक्टरांनीच नकार दिला, कारण वारंवार टोचल्याने टाचेखालची चरबीची गादी झिजते आणि तळव्याचा पट्टा तुटण्याचाही धोका असतो. तरीही तुमची परीक्षा तोंडावर आहे, तेव्हा एकदा घेऊन टाका असे मी म्हणेन. वेदनेत तीन तास उभे राहणे काय असते, हे व्यायामाचे सल्ले देणाऱ्यांना ठाऊक नसते.

घाटवाट | मंगळवार, सायंकाळी ७.१०
मी व्यायामाचाच सल्ला देणार आहे, आणि मला ते ठाऊक आहे, कारण अर्धमॅरेथॉनच्या सरावात हेच दुखणे मी चौदा महिने भोगले आहे. वर्णनावरून हा प्लांटर फॅसायटिस दिसतो. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. रात्रभर पाऊल खाली झुकलेले राहिल्याने तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला त्याला एकदम ताण बसतो. म्हणून पलंगावरून उतरण्यापूर्वीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, पाचही बोटे हाताने नडगीकडे ओढावीत, दहा अंक मोजावेत आणि सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा हा ताण देणाऱ्यांना अधिक आराम पडला होता. दुसरा व्यायाम ताकदीचा आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून, बोटांखाली गुंडाळलेला पंचा ठेवून, टाच तीन अंकांत वर न्यावी, दोन अंक थांबावे आणि तीन अंकांत खाली आणावी. हा एक दिवसाआड करायचा असतो. डेन्मार्कमधील २०१४ च्या अभ्यासात तीन महिन्यांनंतर याचा गुण नुसत्या ताणांपेक्षा जास्त दिसला. वर्षाअखेर मात्र दोन्ही गट सारखेच होते, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

दोनदा टोचलेला | मंगळवार, रात्री ८.००
घाटवाट, आपण स्वतःच चौदा महिने लिहिले आहे. त्यांच्याकडे चौदा दिवस आहेत.

घाटवाट | मंगळवार, रात्री ८.२०
चौदांपैकी पहिले नऊ महिने मी काहीच केले नाही, फक्त बाटली बर्फात गोठवून तिच्यावर पाय फिरवत बसलो. आणि आपण त्यांना उपाय सांगत नसून अडीच महिन्यांचा हप्ता बांधून देत आहात.

निवृत्त वाहक | मंगळवार, रात्री ९.४५
मी एस.टी.त ३१ वर्षे वाहक होतो, त्यातील बराच काळ उभ्यानेच गेला. टाच दुखली नाही असा वाहक मला भेटलेला नाही. मला फक्त एमसीआर चपलेने तारले, म्हणून त्या चपलेला कोणी नावे ठेवलेली मला आवडत नाहीत. हे मऊ, बारीक छिद्रांचे रबर कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलांसाठी वापरात आले, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी त्या कामात मोठा वाटा उचलला. ज्या पावलांना जखम झालेलीही कळत नसे ती या रबराने वाचवली, तर आपल्या टाचेचे काय घेऊन बसलात! मात्र चप्पल खरी हवी. अंगठ्याने तळ दाबून पाहावा. तो दगडासारखा लागला किंवा दाबलेला खड्डा तसाच राहिला, तर दुकानदाराने फसवले असे समजावे.

चौकस | मंगळवार, रात्री १०.१०
वाहककाकांच्या प्रतिसादावरून एक प्रश्न सुचतो. खडूफळा, चार महिने चपला वापरल्या म्हणजे दिवसातून किती तास वापरल्या? आणि मधुमेहाबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही.

खडूफळा | बुधवार, सकाळी ७.०५
रोज वापरते, एक दिवसही चुकवलेला नाही. शाळेत जाताना आणि येताना त्या पायात असतात, घर ते शाळा बारा मिनिटांचे अंतर आहे. वर्गात अर्थातच नसतात, कारण आमच्या शाळेत मुलांनी आणि शिक्षकांनीही चपला वर्गाबाहेर काढण्याची शिस्त आहे. घरात चपला घालण्याचा प्रश्नच येत नाही. सप्टेंबरपासून एक सहकारी प्रसूती रजेवर असल्याने मला तिच्या तासिकाही घ्याव्या लागतात, त्यामुळे दिवसाला सहा तासिका होतात. फळ्यापाशी खुर्ची आहे, पण बसून गणित शिकवता येत नाही.

निवृत्त वाहक | बुधवार, सकाळी ७.३०
ताई, राग मानू नका, पण मग चार महिने त्या चपला वर्गाच्या उंबरठ्यानेच वापरल्या. तुमच्या टाचेच्या वाट्याला त्या दिवसाकाठी चोवीस मिनिटे आल्या.

उंबरठा | बुधवार, सकाळी ११.२५
खडूफळाताई, माझी स्थिती तुमच्यासारखीच होती, फक्त शाळेऐवजी स्वयंपाकघर होते. घरात चप्पल म्हटल्यावर सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला. शेवटी मी नवी जोडी आणली, ती त्यांच्यासमोर खोक्यातून काढली आणि ही उंबऱ्याबाहेर कधीही जाणार नाही, देवघरात तर नाहीच, असा शब्द दिला. आता त्यांची स्वतःची जोडी माझ्या जोडीशेजारी असते. ओट्यासमोर योगासनांची जुनी चटई चौपदरी घडी करून टाकली आहे, पोळ्या लाटताना तिच्यावर उभी राहते. शाळेसाठीही केवळ वर्गात घालायचे वेगळे बूट ठेवता येतील. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा. परवानगी मिळेपर्यंत जाड मोज्यात सिलिकॉनचे हील पॅड घालून उभे राहता येते. नुसत्या फरशीवर मोजे घसरतात, त्यामुळे तळाला रबरी ठिपके असलेले घ्यावेत.

रुईपान | बुधवार, दुपारी १२.१०
घरात चपला घालून वावरणे मला पटत नाही. आपले पूर्वज अनवाणीच चालत होते आणि त्यांना हील पॅड लागले नाहीत.

निवृत्त वाहक | बुधवार, दुपारी १२.४०
आपले पूर्वज शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि शेताच्या मातीवर चालत होते, शहाबादी फरशीवर सहा तासिका गणित शिकवत नव्हते. आणि त्यांच्याही टाचा दुखतच असणार, नाहीतर तुमच्या आजींना वीट का तापवावी लागली असती?

खडूफळा | बुधवार, रात्री ९.१५
वाहककाका, चोवीस मिनिटांचा हिशेब गणिताच्या शिक्षिकेला दुसऱ्याने करून दाखवावा लागला, याची लाज वाटली. उंबरठाताई, अर्ज उद्याच देते. रुईपान यांच्या विटेचाही प्रयोग आज रात्री करून पाहणार आहे. चौकस यांच्या समाधानासाठी सांगते की मधुमेह आहे, तीन वर्षांपासून गोळी चालू आहे, परंतु तो साखरेचा प्रश्न आहे, टाचेचा नव्हे. अस्थिरोगतज्ज्ञांनी विचारले नाही म्हणून मी सांगितले नाही.

पाऊलखूण | बुधवार, रात्री ९.३०
मी फिजिओथेरपिस्ट आहे. एरवी वाचनमात्र असते, पण वीट आजच तापणार आहे म्हणून घाईने लिहिते. ती कृपया तापवू नका. मधुमेहात पावलाची संवेदना आपल्या नकळत कमी होऊ शकते, आणि मग पाने करपली तरी टाचेला कळत नाही. अशा भाजण्याच्या जखमा लवकर भरत नाहीत, त्या मी पाहिलेल्या आहेत. मिठाच्या गरम पाण्यातही पाय घालण्यापूर्वी कोपर बुडवून पाहावे किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाकडून पाणी तपासून घ्यावे. इंजेक्शनाबाबत सांगायचे तर ते वाईट नाही, पण स्टिरॉइडमुळे काही दिवस साखर वाढते. म्हणून डॉक्टरांना उद्याच फोन करून मधुमेह, चालू गोळी आणि शेवटचा एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) सांगावा. निर्णय ते ठरवतील तसा बदलेल. तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून संवेदना तपासतात, ती तपासणीही मागून घ्यावी. घाटवाट यांनी सांगितलेले बोटांचे ताण आजपासून करण्यास हरकत नाही. पायरीवरचा व्यायाम मात्र दोन्ही पायांवर, कठडा धरून सुरू करावा. सहा तासिकांचा भार कमी झाल्याशिवाय इंजेक्शन, व्यायाम, चप्पल यांपैकी एकट्याने काहीच पुरणार नाही.

दोनदा टोचलेला | बुधवार, रात्री १०.२०
मधुमेह असेल तर माझा सल्ला मागे घेतो. घाटवाट यांच्याशी असलेला मतभेद मात्र कायम आहे.

खडूफळा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०.००
सर्वांना कळवते. वीट तापवली नाही. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी साखर तपासून घेतली, ती अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघाली आणि इंजेक्शन एप्रिलअखेरपर्यंत पुढे ढकलले. पावलाची संवेदना शाबूत आहे. मुख्याध्यापकांनी अर्जावर एका ओळीत परवानगी दिली आणि आता कपाटात माझ्या बुटांशेजारी आणखी दोन शिक्षिकांचे बूट आहेत. त्यांच्याही टाचा दुखत होत्या, हे मला पाच महिन्यांत ठाऊक नव्हते. दोन तासिका मी चक्क बसून घेते, मुलांना फळ्यावर बोलावते आणि गणित त्यांच्याकडून सोडवून घेते. परीक्षेच्या दालनात फेऱ्या मारताना दुखते, पण उभे राहवते. सकाळी दहा-बारा पावलांऐवजी चार-पाच पावले जड जातात. घरात सासूबाईंचा अबोला अजून चालू आहे. आता एक नवी तक्रार आहे. चार दिवसांपासून दुसरी टाचही सकाळी जराशी टोचते. पायरीवरच्या व्यायामामुळे असे होते का?

चौकस | रविवार, सकाळी १०.१२
व्यायाम दोन्ही पायांवर करता की एकाच? उभे असताना वजन कोणत्या पायावर घेता? आणि पहिली टाच उजवी होती की डावी, हे आपण अद्याप सांगितलेले नाही.