सीरिअल लाइनची सेटिंग जुळत असूनही १०, १३, १७ आणि १९ क्रमांकांचे मीटर वाचता येत नाहीत

नोंदवाहक

नमस्कार. एका कार्यशाळेतील २० वीजमीटरांचे आकडे गोळा करण्यासाठी लिनक्सवर चालणारा एक छोटा संगणक नोड म्हणून बसवला आहे. त्याच्या स्वतःच्या सीरिअल पोर्टला आरएस-२३२ चे आरएस-४८५ करणारा कन्व्हर्टर जोडला असून तिथून निघालेल्या दोन-तारी लाइनवर सगळे मीटर एकापुढे एक जोडलेले आहेत. मीटरांचे पत्ते १ ते २० आहेत आणि प्रोटोकॉल, म्हणजे मीटरांशी बोलण्याची ठरलेली भाषा, मॉडबस आरटीयू आहे. लाइनची सेटिंग नोडवर आणि प्रत्येक मीटरमध्ये एकच ठेवली आहे: ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ८ डेटा बिट, इव्हन पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा एक जादा बिट), १ स्टॉप बिट. दर मिनिटाला एक फेरी होते आणि त्या फेरीत प्रत्येक मीटरकडून फक्त दोन रजिस्टर, म्हणजे एकूण वीजवापराचा आकडा, फंक्शन ३ वापरून वाचला जातो.

अडचण अशी आहे की १०, १३ आणि १७ क्रमांकांचे मीटर कधीच नीट वाचता येत नाहीत. १९ क्रमांकाच्या मीटरला विचारले, की त्याचे उत्तर तर मिळत नाहीच, शिवाय त्यानंतर संपूर्ण लाइन मुकी होते आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत एकही मीटर बोलत नाही. १९ क्रमांक यादीतून वगळला तरी दिवसा, यंत्रे चालू असताना, काही मिनिटांनी लाइन अशीच मुकी होते. रात्री यंत्रे बंद असताना मात्र तासन्‌तास काही बिघडत नाही. कधी कधी प्रोग्राम पुन्हा सुरू केला तरी तो त्याच मीटरपाशी लगेच अडकतो.

प्रोग्राम मीच लिहिला आहे. पोर्ट उघडल्यावर मी कॅनॉनिकल मोड (ओळ पूर्ण होईपर्यंत बाइट रोखून ठेवणे), इको (आलेले बाइट परत पाठवणे) आणि सिग्नल (ठरावीक बाइट आल्यास प्रोग्राम थांबवणे) बंद करतो आणि बॉड रेट, डेटा बिट व पॅरिटी लावतो. आणखी काय तपासावे?

तारजोड

यंत्रे चालू असताना बिघाड आणि बंद असताना सुरळीत, हे वर्णन वाचल्यावर पहिला संशय विद्युत गोंगाटावर जातो. लाइनच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर आहे का? लाइन कुणीच चालवत नसताना दोन तारांमध्ये निश्चित फरक राहावा म्हणून बायस रेझिस्टर एकाच ठिकाणी दिले आहेत का? दोन सिग्नल तारांबरोबर सामाईक ग्राउंडची तिसरी तार सर्व मीटरांपर्यंत नेली आहे का? पुष्कळ लोक ‘दोन तारी’ हा शब्द अक्षरशः घेतात आणि ही तिसरी तार सोडून देतात. आरएस-४८५ मध्ये ३२ युनिट लोड चालतात, त्यामुळे २० मीटरांचे ओझे जास्त नाही. मोटारींच्या पॉवर केबलला लागून ही लाइन गेली असेल तर ती आधी दूर करा.

मोजपट्टी

तारजोड यांनी सांगितलेले तपासायला हवेच, पण तारा उचकटण्याआधी दहा मिनिटांचा एक प्रयोग करून पाहावा असे मला वाटते. १३ आणि १४ क्रमांकांच्या मीटरांचे पत्ते आपसांत बदला, मीटर मात्र जागचे हलवू नका. बिघाड त्याच मीटरपाशी राहिला तर दोष तारेत किंवा मीटरमध्ये आहे, आणि बिघाड १३ या आकड्याबरोबर दुसऱ्या मीटरकडे गेला तर तारांचा काही संबंध नाही. त्याचबरोबर पोर्टवरून आलेले बाइट, सीआरसी (संदेशाच्या शेवटचे, चूक पकडणारे दोन बाइट) तपासण्याआधी, जसेच्या तसे लॉगमध्ये लिहा. ‘टाइमआउट’ किंवा ‘सीआरसी चुकला’ एवढ्याच नोंदीवरून काहीच कळत नाही.

नोंदवाहक

दोघांचेही आभार. टर्मिनेशन दोन्ही टोकांना आहे आणि तिसरी तारही आहे. पत्ते बदलून पाहिले: बिघाड आकड्याबरोबर गेला. पूर्वी १४ क्रमांकावर व्यवस्थित चालणारा मीटर १३ होताच बंद पडला.

कच्चे बाइटही पाहिले. १३ ला विचारल्यावर नऊ बाइट येतात, पण पहिला बाइट १३ ऐवजी १० असतो. पुढचे ३ (फंक्शनचा क्रमांक) आणि ४ (डेटाच्या बाइटांची संख्या) बरोबर आहेत. १७ ला विचारल्यावर नऊऐवजी आठच बाइट येतात आणि सुरुवातच ३ ने होते. १० क्रमांकाकडून एकही बाइट येत नाही. लाइन मुकी झालेली असताना लॉगमध्ये ‘विनंती पाठवली’ असे दिसते, पण कन्व्हर्टरवरचा पाठवण्याचा दिवा लुकलुकतच नाही.

आठबिट

तुमच्या लॉगमध्ये उत्तर जवळजवळ लिहिलेलेच आहे. तारा बऱ्या आहेत, मीटर बरे आहेत, बॉड रेट आणि पॅरिटीही बरोबर आहे. नाहीतर उरलेले सोळा मीटर इतक्या शिस्तीने बोललेच नसते. लाइनच्या सेटिंगचा जो भाग तुम्ही हात न लावता सोडला आहे तोच आड येतो आहे.

लिनक्समध्ये सीरिअल पोर्ट उघडला की त्याच्या आणि तुमच्या प्रोग्रामच्या मध्ये टर्मिनलचा एक थर बसलेला असतो. पोर्टच्या पलीकडे कीबोर्ड घेऊन बसलेला माणूस आहे असे हा थर गृहीत धरतो आणि काही बाइटांना विशेष अर्थ देतो. तुम्ही कॅनॉनिकल मोड, इको आणि सिग्नल बंद केले. पण आयएक्सऑन, आयसीआरएनएल आणि ओपोस्ट (बाहेर जाणाऱ्या बाइटांवरची प्रक्रिया) या तीन गोष्टी मूळ अवस्थेत चालूच राहिल्या. ओपोस्टच्या आधाराने चालणारी ओएनएलसीआर ही सेटिंगही चालूच असते. आता तुमचे चार पत्ते त्यांच्याशेजारी ठेवून पाहा.

१३ हा ‘कॅरेज रिटर्न’ आहे. आयसीआरएनएल चालू असल्यामुळे आत येणारा प्रत्येक १३ बदलून १० होतो. मीटरने आपला पत्ता १३ असा बरोबरच पाठवला. तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचेपर्यंत तो १० झाला आणि सीआरसी चुकला.

१० हा ‘नवी ओळ’ आहे. ओएनएलसीआरमुळे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक १० च्या आधी एक १३ घुसवला जातो. म्हणजे तुम्ही १० ला विचारता तेव्हा तारेवर १३, १०, ३ अशी विनंती जाते. १० क्रमांकाच्या मीटरला ती आपली वाटत नाही आणि १३ क्रमांकाच्या मीटरला सीआरसी जुळत नाही, म्हणून दोघेही गप्प राहतात. त्यांनी तसे गप्प राहणे हेच नियमाला धरून आहे.

१७ म्हणजे एक्सऑन आणि १९ म्हणजे एक्सऑफ. टेलिटाइप यंत्रांच्या काळात कागदी फितीचा वाचक सुरू करण्यासाठी आणि थांबवण्यासाठी हे दोन संकेत वापरले जात आणि सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोलच्या रूपाने ते आजही टर्मिनलच्या थरात आहेत. आयएक्सऑन चालू असताना हे दोन्ही बाइट प्रोग्रामला दिले जात नाहीत, मधल्या मध्ये गिळले जातात. म्हणूनच १७ चे उत्तर एका बाइटने आखूड येते. १९ चे उत्तर त्याहून घातक आहे, कारण तो बाइट गिळताना नोड स्वतःचे पाठवणेही थांबवतो आणि १७ हा बाइट येईपर्यंत थांबून राहतो. विनंती बाहेर जात नाही, त्यामुळे कोणी उत्तर देत नाही, आणि कोणी उत्तर देत नाही म्हणून १७ येण्याची शक्यताही उरत नाही. तुमचा प्रोग्राम बफरमध्ये लिहून ‘पाठवले’ म्हणतो, पण दिवा लागत नाही, तो यामुळेच.

दिवस-रात्रीचा फरकही यातच बसतो. रात्री मीटरांचे आकडे बदलत नाहीत, त्यामुळे दर फेरीला तीच उत्तरे आणि तेच सीआरसी येतात. दिवसा आकडे सरकतात आणि आकड्यात किंवा सीआरसीत कुठेतरी १९ उगवला की लाइन थांबते. प्रोग्राम लगेच पुन्हा सुरू केला आणि त्या मीटरचा आकडा अजून बदललेला नसला, तर तेच उत्तर पुन्हा येते आणि तिथेच पुन्हा अडकते.

पोर्ट उघडल्यानंतर या तिन्ही गोष्टी बंद करा. त्यासाठी सीएफमेकरॉ हे तयार फंक्शनही आहे. ते हे सारे एका फटक्यात बंद करते.

तारजोड

मी चुकीच्या दिशेने निघालो होतो, हे मान्य करतो. तरीही एक विचारतो: सध्या काम चालू ठेवण्यासाठी त्या चार मीटरांना २१ ते २४ असे पत्ते दिले तर चालणार नाही का?

आठबिट

कृपया तसे करू नका. पत्त्यातला बाइट टळेल, पण उत्तरातले बाकीचे बाइट तुमच्या हातात नाहीत. सीआरसीचे दोन बाइट तरी जवळपास कोणतीही किंमत घेऊ शकतात आणि आत येताना घात करणाऱ्या किमती तीन आहेत: १३, १७ आणि १९. दोन बाइटांवर २५६ पैकी ३ असा हिशेब केला तर नुसत्या सीआरसीमुळे शंभर बदलत्या उत्तरांमागे सुमारे दोन उत्तरे बिघडतील. त्यांतला १९ एकटा धरला तर अंदाजे १२८ उत्तरांमागे एकदा लाइन थांबेल. २० मीटरांच्या फेरीत म्हणजे सहा-सात फेऱ्यांत. शिवाय पुढे कोणी एकदम दहा रजिस्टर वाचायला गेले, तर विनंतीतच १० हा आकडा येईल आणि तेव्हा एकही मीटर उत्तर देणार नाही.

नोंदवाहक

तुमचे स्पष्टीकरण वाचून फार बरे वाटले, कारण गेले पंधरा दिवस मी तारांमागेच होतो. बॉड रेट आणि पॅरिटी लावण्याच्या ओळींनंतर सीएफमेकरॉ जोडले आणि प्रोग्राम सुरू केला, पण आता एकही मीटर उत्तर देत नाही. पाठवण्याचा दिवा मात्र दर विनंतीला लागतो आहे.

मोजपट्टी

क्रम उलटा करा. सीएफमेकरॉ फक्त टर्मिनलचा थर बाजूला करत नाही. ते डेटा बिट ८ करते आणि पॅरिटी बंदही करते. तुम्ही आधी लावलेली इव्हन पॅरिटी त्याने पुसून टाकली, त्यामुळे नोड आता ११ ऐवजी १० बिटांचे बाइट पाठवतो आहे आणि मीटर ते चुकीचे समजून टाकून देतात. आधी सीएफमेकरॉ, त्यानंतर बॉड रेट, पॅरिटी आणि स्टॉप बिट, आणि शेवटी सगळे मिळून एकदाच पोर्टवर लागू करणे, असा क्रम ठेवा.

त्यानंतर प्रोग्राम चालू असतानाच दुसऱ्या खिडकीतून एसटीटीवाय या आज्ञेने पोर्टची सर्व सेटिंग छापून पाहा. नावाआधी वजाचे चिन्ह असेल तर ती सेटिंग बंद आणि नसेल तर चालू, असा अर्थ आहे. आयएक्सऑन, आयसीआरएनएल आणि ओपोस्ट यांच्याआधी वजा दिसले पाहिजे, आणि पॅरिटी चालू करणाऱ्या पॅरएनबीच्या आधी ते दिसता कामा नये. पॅरऑड ही सेटिंगही बंदच हवी, नाहीतर इव्हनऐवजी ऑड पॅरिटी लागते.

एक सुचवतो, मूळ प्रश्नाशी त्याचा थेट संबंध नसला तरी. ९६०० बॉडवर ११ बिटांचा एक बाइट सुमारे १.१५ मिलिसेकंद घेतो, म्हणून तुमचे नऊ बाइटांचे उत्तर तारेवर साधारण १०.३ मिलिसेकंद असते आणि मॉडबसने ठरवलेली साडेतीन बाइटांची शांतता सुमारे ४ मिलिसेकंदांची होते. वाचण्याची मुदत ठरवणारी व्हीटाइम ही सेटिंग सेकंदाच्या दहाव्या भागात मोजते, त्यामुळे ४ मिलिसेकंदांची शांतता तिच्याने ओळखता येणार नाही. शांततेवर विसंबून उत्तर कुठे संपले हे ठरवण्यापेक्षा, अपेक्षित नऊ बाइट पूर्ण होईपर्यंत वाचत राहा आणि व्हीटाइमचा उपयोग फक्त मीटर गप्प आहे हे कळण्यासाठी करा. एका वाचनात अर्धेच उत्तर हाती येणे अगदी नेहमीचे आहे.

नोंदवाहक

क्रम बदलला आणि पहिल्याच फेरीत वीसही मीटरांनी उत्तर दिले. आज तिसरा दिवस आहे. यंत्रे पूर्ण भाराने चालू असतानाही एकही उत्तर चुकलेले नाही. १९ क्रमांकाच्या मीटरचे पूर्ण नऊ बाइट लॉगमध्ये पहिल्यांदाच पाहिले. वाचनाची पद्धतही मोजपट्टी यांनी सांगितल्याप्रमाणे बदलली आहे.

एक शेवटची शंका आहे. हीच सेटिंग मी संगणक सुरू होताना एसटीटीवायने एकदा लावून ठेवली आणि प्रोग्राममधून तो भाग काढून टाकला, तर चालेल का?

आठबिट

प्रोग्राममध्येच ठेवा. पोर्ट वापरणारा शेवटचा प्रोग्राम बंद झाल्यावर पुढच्या वेळी तीच सेटिंग जशीच्या तशी मिळेल, असे धरून चालता येत नाही, आणि मध्ये दुसऱ्या एखाद्या साधनाने पोर्ट उघडून काही बदलले तर तुम्हाला पत्ता लागणार नाही. सेटिंग लागू केल्यावर ती पुन्हा वाचून घ्या आणि मागितलेली व प्रत्यक्षात लागलेली सेटिंग जुळते का ते प्रोग्राममध्येच तपासा. मागितलेल्या बदलांपैकी थोडेच बदल लागू झाले, तरी सेटिंग लागू करणारे फंक्शन ‘यशस्वी’ असेच सांगते. तुमच्या कन्व्हर्टरकडून कॅरिअरची (पलीकडचे साधन जोडलेले असल्याचे कळवणारी) तार येत नसेल तर सीलोकल, म्हणजे कॅरिअरकडे दुर्लक्ष करण्याची सेटिंग, चालू ठेवा, नाहीतर पोर्ट उघडतानाच प्रोग्राम कॅरिअरची वाट पाहत थांबून राहू शकतो. आणि त्या पोर्टवर लॉगिनसाठी बसलेली एखादी सेवा चालू नाही ना, तेवढे पाहून घ्या, कारण एकाच पोर्टवरून दोघे वाचू लागले की बाइट दोघांत वाटले जातात.

नोंदवाहक

लॉगिनची सेवा दुसऱ्या पोर्टवर आहे, या पोर्टवर नाही. सीलोकल चालू नव्हते, ते लावले. सेटिंग पुन्हा वाचून तपासण्याचा भागही जोडला असून कच्चे बाइट लिहिणारा लॉग आता कायम चालू ठेवणार आहे.