मरळीसाठी बास रॉड घ्यायचा आहे: दीड हजाराचा, चार हजारांचा की बारा हजारांचा?

तापीकाठ, भुसावळ

सर्वांना नमस्कार. कळकाच्या काठीला तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा) बांधून गांडुळावर चिलापी काढण्यापासून माझा हा नाद सुरू झाला आणि गेली दोन वर्षे मी हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, विशेषतः चांगदेवच्या बाजूला तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, आमिष म्हणून रबरी बेडूक फेकत मरळीच्या मागे लागलो आहे. माझ्याकडे एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांचा रॉड होता. ‘होता’ म्हणण्याचे कारण असे की दिवाळीनंतरच्या एका रविवारी साधारण दीड किलोची मरळ गळाला लागून शेवाळात शिरली, मी तिला जोर लावून बाहेर ओढायला गेलो आणि रॉड तिसऱ्या सांध्यावर उसाचे कांडे मोडावे तसा मोडला. तो विकताना दुकानदाराने ‘दहा किलोचा मासा आरामात येईल’ असे छातीठोकपणे सांगितले होते.

आता नवा रॉड पाहू लागलो, तर जिकडे तिकडे ‘बास रॉड’ हेच नाव दिसते. बास मासा आपल्या तापीत नाही, मग त्याच्यासाठी बनवलेला रॉड आपण का घ्यावा, ही पहिली शंका. दुसरी शंका पैशांची आहे. माझ्यासमोर दीड हजारांच्या आतला फायबरग्लासचा, चार हजारांच्या आसपासचा कार्बनचा आणि एका मित्राच्या आग्रहाखातर बारा हजारांचा, असे तीन पर्याय आहेत. मी महिन्यातून तीन-चार रविवार मोटारसायकलवरून जातो, बहुतेक वेळा बेडूकच फेकतो आणि रीळ साधे स्पिनिंगचे, म्हणजे रॉडच्या खाली लटकणारे आहे. चार हजारांच्या आणि बारा हजारांच्या रॉडमध्ये मरळीला कळेल असा फरक नेमका कोणता असतो, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

वाघूरवाला, जळगाव

दादा, आधी बासचे पाहू. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला गोड्या पाण्यातला मासा. जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात पकडलेला २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोंचा बास आजही विक्रम म्हणून सांगितला जातो आणि त्याच्या तोडीचा मासा थेट २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना मिळाला. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की हा मासा गवतात, बुडालेल्या खोडांच्या आडोशाला दबा धरून बसतो, भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालतो आणि गळाला लागताच पुन्हा त्याच आडोशात घुसतो. आपल्या मरळीची चालही तीच आहे. म्हणून बासच्या मागणीतून घडलेला रॉड मरळीला चालतो, आणि नावावर अडून राहण्याचे कारण नाही.

रॉडवर हँडलच्या थोडे वर बारीक अक्षरांत जे छापलेले असते, ते किमतीच्या आधी वाचावे. त्यात दोन गोष्टी असतात आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. ‘पॉवर’ म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, आणि ‘अ‍ॅक्शन’ म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट अ‍ॅक्शनचा रॉड टोकाकडच्या भागात वाकतो आणि खालचा दांडा ताठ राहतो. मॉडरेट अ‍ॅक्शनचा रॉड जवळजवळ मध्यापासून वाकतो. बेडूक फेकून मरळ काढायची असेल, तर मीडियम हेवी पॉवर आणि फास्ट अ‍ॅक्शन हे जोडगणित धरावे. कारण बेडकाचे दोन्ही गळ त्याच्या रबरी अंगाला चिकटून असतात. ते अंग दाबून गळ मरळीच्या कडक जबड्यात रुतवायला आणि लगेच तिला गवतावरून ओढून घ्यायला ताठ दांडाच लागतो. आमिषाचे वजनही तिथेच छापलेले असते. १० ते २८ ग्रॅम किंवा त्याच्या जवळपासचा आकडा असेल, तर आपले बहुतेक बेडूक त्यात बसतात.

आता पैशांकडे वळतो. कार्बनचा रॉड कसा बनतो हे एकदा कळले, की किमतीचे कोडे बरेचसे सुटते. राळेत भिजवलेले कार्बनचे कापड विशिष्ट आकारात कापून निमुळत्या पोलादी सळईभोवती गुंडाळतात, वरून पट्टीने घट्ट आवळून भट्टीत भाजतात आणि मग सळई काढून घेतात. राहते ती पोकळ नळी. कापडातला धागा जितका ताठ, तितके कापड कमी लागते आणि रॉड हलका होतो. २४ टन, ३० टन, ४० टन असे जे आकडे जाहिरातीत दिसतात ते या ताठपणाचे आहेत. रॉड किती वजनाचा मासा उचलेल, याच्याशी त्यांचा काहीही संबंध नाही. उलट ताठपणा वाढतो तशी नळीची भिंत पातळ होते आणि रॉड दगडावर आपटला तर दगा देण्याची शक्यताही वाढते.

महागड्या रॉडने मिळणारी मोठी गोष्ट म्हणजे संवेदना. पाण्याच्या तळाशी रबरी अळी ओढत असताना माशाने ती नुसती ओठांत धरली, तरी ती टिचकी दोऱ्यावाटे तळहातापर्यंत पोचते. बेडकावरचा झटका मात्र डोळ्यांनी दिसतो आणि कानांनी ऐकू येतो! पाणी फुटते, बेडूक नाहीसा होतो, आणि खरे कौशल्य त्या क्षणी हात न उचलता दोरा सरकू लागेपर्यंत थांबण्यात असते. जो झटका डोळ्यांना दिसतो तो हाताला कळावा म्हणून आठ हजार रुपये जास्त मोजणे मला तरी पटत नाही. दीड हजारांवरून चार हजारांवर गेल्यास फरक पहिल्याच फेकीत जाणवेल. चारावरून बारावर गेल्यास तो शोधावा लागेल. म्हणून चार हजारांचा, सात फुटी, मीडियम हेवी, फास्ट, स्पिनिंगचा रॉड घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फायबरग्लासला मात्र कोणी नावे ठेवू नयेत. तो जड असतो, ढिला असतो, पण मार खातो. अमेरिकेत १९७६ पासून विकला जाणारा ‘अग्ली स्टिक’ काच आणि कार्बन एकत्र करूनच बनवतात आणि तो त्याच्या दणकटपणासाठीच ओळखला जातो. रोहू-मृगळासाठी कणकेचा गोळा लावून रॉड काठावर टेकवून बसायचे असेल, किंवा घरातल्या मुलाच्या हातात द्यायचा असेल, तर दीड हजारांच्या आतला दोन तुकड्यांचा फायबरग्लास पुरेसा आहे. एकात एक सरकणारा मात्र पुन्हा घेऊ नये. त्याच्या प्रत्येक सांध्यावर वाकण्याची रेघ तुटते, सगळा ताण तिथेच साचतो, आणि वाळूचा एक कण आत गेला की तुकडे घासू लागतात. आपला रॉड सांध्यावरच मोडला, यात नवल काहीच नाही.

गिरणाथडी, चाळीसगाव

वाघूरवाले दादांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, परंतु एका मुद्द्यावर मतभेद नोंदवते. त्यांनी महागड्या रॉडचा फायदा केवळ संवेदनेत मोजला आणि वजनाचा विषय एका वाक्यात उरकला. मी सकाळी सहाला सुरुवात करते आणि ऊन चढेपर्यंत तीनशेच्या वर फेकी होतात. रॉड हातात धरला की तो टोकाकडे झुकतो की रिळाजवळ तोलून राहतो, यावर अकरा वाजता माझे मनगट शाबूत आहे की नाही हे ठरते. टोकाकडे जड असलेला रॉड दुकानात दोन मिनिटे धरल्यावर कळत नाही. म्हणून आपले रीळ सोबत न्यावे, ते चढवून रॉड रिळाच्या पुढे एका बोटावर तोलून पाहावा.

तरीही तापीकाठ दादांनी बारा हजारांचा घ्यावा असे मी म्हणणार नाही, कारण त्यांनी रिळाबद्दल आणि दोऱ्याबद्दल काहीच लिहिलेले नाही. बारा हजारांच्या रॉडवर सहाशे रुपयांचे रीळ आणि जुना तंगूस चढवलेले मी पाहिले आहे. ते पैठणीखाली रबरी चप्पल घालण्यासारखे दिसते. चार हजारांचा रॉड घ्यावा, उरलेल्यातले अडीच-तीन हजार ज्याचा ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरा सोडणारी रिळाची पकड) झटके न देता सुटतो अशा रिळावर घालावेत आणि विणलेला दोरा ३० ते ५० पौंडांचा ताण सोसणारा घ्यावा. तंगूस ताणला जातो, त्यामुळे दूरवर गवतात गळ रुतवताना निम्मा जोर त्या ताणातच जिरतो. विणलेला दोरा जवळजवळ ताणत नाही. मात्र त्यामुळेच चुकीचा सगळा भारही रॉडवर येतो, म्हणून ड्रॅग अगदी आवळून टाकू नये.

मित्र बेटकास्टिंगचा, म्हणजे रॉडच्या वर बसणाऱ्या रिळाचा आग्रह धरत असतील, तर या हंगामात तरी ऐकू नये. आमिष फेकताना त्या रिळाची फिरती चकती अंगठ्याने आवरावी लागते; अंगठा चुकला की दोऱ्याचा असा गुंता होतो की सुगरण पक्षीही तो पाहून मान फिरवील. शिवाय तो रॉड वेगळा असतो, दोरा ज्यांतून ओवतात त्या त्याच्या कड्या वरच्या बाजूला आणि लहान असतात. स्पिनिंगचे रीळ त्याला लावून चालत नाही.

एक विनंतीही करते. पावसाळ्यात लालसर पिलांचा थवा पृष्ठभागावर खदखदताना दिसला, तर त्याखाली नर-मादी राखण करीत असतात. त्यावर बेडूक टाकला की झटका नक्की मिळतो, पण त्या मरळीला काढले की मागची पिले इतर मासे फस्त करतात. तेवढी फेक सोडून द्यावी.

पांझराकाठचे नाना, धुळे

मंडळी, मी रॉड विकत नाही, पण मोडलेले आणि बिघडलेले रॉड दुरुस्त करायला माझ्याकडे येतात, त्यामुळे किमतीचा विचार मी उलट्या बाजूने करतो. महागडा असो की स्वस्त, मासा ओढताना सरळ मोडलेले रॉड माझ्याकडे फार थोडे आले. बहुतेक रॉड गाडीच्या दारात चिरडलेले, दगडावर आपटलेले, किंवा मासा काठाशी आल्यावर रॉड डोक्यावर उभा करून त्याला उचलल्यामुळे टोकाकडे मोडलेले असतात. शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे. रॉड उभा झाला की सगळा भार टोकाच्या बारीक भागावर येतो. मासा जाळीने किंवा दोरा हातात धरून घ्यावा.

रॉड घेताना कड्या तपासाव्यात. मागच्या महिन्यात एका मुलाने तक्रार आणली की नवा विणलेला दोरा दर दोन-तीन मोठ्या माशांमागे तुटतो. त्याने तीन वेळा दोरा बदलला होता, रीळही बदलले होते. मी समईच्या वातीला घेतो तसा कापसाचा पेळू घेऊन एकेका कडीच्या आतून गोल फिरवला. टोकाकडून दुसऱ्या कडीत कापसाचे दोन तंतू अडकून राहिले. भिंग लावल्यावर आतल्या चिनीमातीसारख्या कड्यावर केसाएवढी चीर दिसली. नखाला ती लागत नव्हती, दोऱ्याला मात्र सुरी होऊन बसली होती. दुकानातही हाच कापूस खिशातून काढावा, दुकानदार हसला तर हसू द्यावा. अगदी स्वस्त रॉडच्या कड्यांत आत असे कडेच नसते, नुसती तार असते आणि विणलेला दोरा तिच्यात खाच पाडतो. कड्यांची संख्याही मोजावी. फुटामागे एक आणि टोकाला एक, असा ढोबळ हिशेब धरल्यास सात फुटी रॉडला आठ कड्या हव्यात. त्याहून फारच कमी असतील, तर वाकल्यावर दोरा रॉडला घासतो. मग रॉड डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का ते पाहावे.

मोटारसायकलसाठी दोन समान तुकड्यांचा रॉड बरा. आजकाल चार हजारांच्या पातळीवर त्यात आणि अखंड रॉडमध्ये साध्या माणसाला फरक कळत नाही. नेताना शेतात उरलेल्या अडीच इंची पीव्हीसी पाइपचा चार फुटी तुकडा घ्यावा, दोन्ही टोकांना बूच लावून आत जुने पायमोजे कोंबावेत. खान्देशात ठिबकच्या कामातून असा तुकडा कोणाच्या मळ्यात पडलेला नसतो? वैशाखात मात्र ही नळी उन्हात गाडीवर बांधून ठेवू नये. भुसावळचे ४५ अंशांचे ऊन दिवसभर लागले, तर कड्या चिकटवलेला डिंक मऊ पडून कड्या फिरू शकतात.

शेवटची गोष्ट तिन्ही किमतींना लागू आहे, कार्बनला तर विशेष. कार्बनमधून वीज वाहते. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या परिसरात उच्चदाबाच्या तारा नदीवरून, शेतांवरून गेलेल्या आहेत. त्यांच्या खाली उभे राहून सात फुटी रॉड डोक्यावरून फिरवू नये, आणि आभाळ गडगडू लागले की रॉड खाली ठेवून सरळ घरी यावे.

तापीकाठ, भुसावळ

वाघूरवाले दादा, गिरणाथडी ताई आणि नाना, तिघांचेही मनापासून आभार. काल जळगावला जाऊन सात फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम हेवी कार्बनचा रॉड ३,८०० रुपयांत घेतला. पहिल्या रॉडच्या चौथ्या कडीत नानांचा कापूस अडकला, तेव्हा दुकानदाराने न बोलता आतून दुसरा आणून दिला. ताईंच्या सांगण्याप्रमाणे रीळ सोबत नेले होते आणि ते चढवल्यावर जुन्या रिळाचा ड्रॅग झटके देत सुटतो हे तिथेच लक्षात आले, त्यामुळे रिळासाठी आता पुढच्या पगाराची वाट पाहावी लागणार आहे. तोपर्यंत जुन्यावरच भागवतो. ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे या पाण्याचा ठेका आहे, तिच्या मंडळींना विचारून घेतले आहे. पाणी जरा निवळले की चांगदेवला जातो. पाइपला बूच आईच्या जुन्या डब्याच्या झाकणाचे बसले आहे, ते तिला अजून कळलेले नाही.