लैंगिक कल जन्मजात असतो की बदलता येतो? मामांना काय उत्तर देऊ?

राजारामपुरीकर
माझ्या मामेभावानं दिवाळीत घरी सांगितलं, की त्याला मुलींची ओढ कधी वाटलीच नाही, मुलांची वाटते. वय २४, गोकुळ शिरगावात नोकरी, एकुलता. मामा ओरडले नाहीत. एका समुपदेशकाकडे गेले, ‘१२ बैठकांत कल बदलून देतो’ असं ऐकलं आणि सगळे पैसे भरून आले. ७ बैठका झाल्यात. पोरगं आता ताटावरून मान वर करत नाही. मामी विचारतात, “आता हा जोगता होणार का रे?” मी भांडलो तर मामा म्हणाले, “जन्मजात आहे हे दाखव, लगेच थांबवतो.”
माझं मत, हा कल कुणी निवडत नाही आणि कुणाला बदलून देता येत नाही. पण विरोधातलंही लिहा. मामा काय काय विचारतील ते मला आधी कळू दे.

जुना_पेठकर
मी मामांच्याच वयाचा आहे, म्हणून त्यांच्या बाजूनं लिहितो. २०१९ साली ‘सायन्स’मध्ये पावणेपाच लाखांवर लोकांच्या जनुकांचा अभ्यास आला. ‘गे’ असण्याचं एक जनुक सापडलं नाही. एकसारख्या जुळ्यांतही एक समलिंगी आणि दुसरा नाही, अशा कितीतरी जोड्या आहेत. मग जन्मजात कशावरून? संगत, वसतिगृह, मोबाइल यांचा काहीच वाटा नाही? माणसाची दारू सुटते, राग आवरतो, तर ओढीला वळण का लागू नये? पोराचा संसार व्हावा असं बापाला वाटलं तर तो काही त्याचा वैरी नव्हे.

जीवशास्त्र_शिकवते
काका, अभ्यास बरोबर सांगितलात, पण अर्धाच. एक जनुक नाही, अनेक जनुकांचा थोडा थोडा परिणाम आहे, असं त्यात म्हटलंय. उंचीचं तरी एक जनुक कुठं आहे? जुळ्यांचं म्हणाल, तर १९९१च्या अमेरिकेतल्या अभ्यासात समलिंगी पुरुषाचा एकसारखा जुळा भाऊही समलिंगी असण्याचं प्रमाण ५२ टक्के निघालं, एकसारख्या नसलेल्या जुळ्यांत २२. पुढच्या मोठ्या अभ्यासांत आकडे खाली आले, हे मी लपवत नाही.
संगतीच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे नेमकं उत्तर आहे. एकाच आईच्या पोटचे थोरले भाऊ जितके जास्त, तितकी धाकट्याची समलिंगी असण्याची शक्यता थोडी वाढते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. भाऊ सावत्र आईचे किंवा दत्तक असतील तर एका घरात वाढूनही तो परिणाम दिसत नाही. म्हणजे कारण अंगणात नाही, गर्भात शोधावं लागतं. (मामेभाऊ एकुलता आहे, त्याला हे लागू नाही. ही अनेक वाटांपैकी एक वाट.)
माझे आजोबा डावखुरे. शाळेत छड्या खाऊन उजव्या हातानं लिहायला शिकले. कुऱ्हाड मात्र मरेपर्यंत डाव्याच हातानं चालवली.
आणि मामींना सांगा, यल्लमाचे जोगते हा वेगळा विषय. स्वतः बाई की पुरुष वाटणं निराळं, कुणाची ओढ वाटणं निराळं. तुमचा भाऊ पुरुषच आहे.

जुना_पेठकर
ताई, आजोबांचं पटलं. पण लिसा डायमंड या संशोधिकेनं अनेक बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यात काहींची ओढ बदलत गेली. आणि रॉबर्ट स्पिट्झर यांनी २००३ मध्ये २०० लोकांच्या मुलाखती घेऊन बदल शक्य आहे असं लिहिलं होतं. तेही डॉक्टरच होते ना?

जीवशास्त्र_शिकवते
त्याच स्पिट्झरनी २०१२ मध्ये जाहीर माफी मागितली. लोकांनी फोनवर जे सांगितलं ते खरं मानण्याखेरीज त्यांच्याकडे पुरावा नव्हता. डायमंडबाईंच्या अभ्यासातला बदल आपसूक झालेला आहे, कुणी पैसे घेऊन करून दिलेला नाही. उन्हाळ्यात रंकाळ्याचं पाणी उतरतं, म्हणून ते आपण बादल्यांनी उतरवलं असं म्हणता येत नाही.

रंकाळ्यावरून
काका, ‘पोराचा संसार व्हावा’ हे वाक्य माझ्या वडिलांचं. माझं वय ४६. एका डॉक्टरनं त्यांना सांगितलं, लग्न लावा, आपोआप सुधारेल. २७व्या वर्षी लग्न झालं. मी मनापासून प्रयत्न केला, नवस केले, औषधं घेतली. पाच वर्षं ती आरशासमोर स्वतःतच खोट शोधत राहिली. मी सांगितलं त्या दिवशी ती रडली नाही, “मग माझं काय चुकलं नव्हतं तर,” एवढंच म्हणाली आणि माहेरी गेली. मामांना विचारा, त्यांनी मनात धरलेली सून कुणाची तरी लेक असेल ना?

कसबा_बावडा_वकील
‘जन्मजात’च्या वादात अडकू नका. उद्या नवा अभ्यास उलटं सांगू लागला तर भावाला पुन्हा बैठकांना बसवायचं का? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना ३७७ कलमातून बाहेर काढलं, म्हणजे ते गुन्हा उरले नाहीत. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं असा कल ‘बरा’ करण्याच्या प्रयत्नांना मनाई करायला सांगितलं आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं हा प्रकार डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवला. जागतिक आरोग्य संघटनेनं तर १९९०लाच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जो आजारच नाही त्याच्या उपचाराचे पैसे कसले घेता, हे समुपदेशकाला लेखी विचारा.

जीवशास्त्र_शिकवते
वकीलसाहेब, कायदा मान्य, पण ‘जन्मजात’ सोडू नका. त्या मामींना रात्रभर वाटत असणार, माझंच काहीतरी चुकलं. कलमं वाचून ते जात नाही.

जुना_पेठकर
विज्ञानाचा निकाल लागला, असं मी अजून म्हणणार नाही. पण सुनेचं मी धरलंच नव्हतं. बैठका बंद करा.

राजारामपुरीकर
मामा मोबाइलवरचं खरं मानत नाहीत, छापील कागद मानतात. आयोगाचं पत्र छापून घेतलंय. आठवी बैठक उद्या ११ वाजता आहे. मी १० लाच त्यांच्या दारात असेन. मामींशी आधी बोलणार, थोरल्या भावांचं नाही, कुऱ्हाडीचं सांगणार.