एकच वेळापत्रक तिघांना कसे चालावे? (स्प्रिंट आणि ताकदीचा सराव)

ठाण्यातील प्रशिक्षक:
नमस्कार. दादोजी कोंडदेव क्रीडागृहाच्या मैदानावर मी पहाटे तिघांचा सराव घेतो. एक १७ वर्षांचा, लांब पायांचा, २०० मीटर धावणारा मुलगा. एक १३ वर्षांची मुलगी, जिची उंची वर्षभरात झपाट्याने वाढली आहे. आणि ४३ वर्षांचे एक बँक कर्मचारी, जे मास्टर्स (प्रौढ गटाच्या) स्पर्धांत १०० मीटर धावतात. गेले तीन महिने तिघांनाही आठवड्यातून दोन दिवस वेगाचा आणि दोन दिवस वजनांचा तोच सराव दिला. मुलाची वेळ सुधारली, पण स्क्वॉट (खांद्यांवर वजन घेऊन बैठक) करताना तो इतका पुढे झुकतो की त्याची कंबर दुखते. मुलीला गुडघ्याच्या वाटीखाली दुखते. आणि बँकेतल्या साहेबांची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) दोनदा ताणली गेली. तीन स्वतंत्र वेळापत्रके सांभाळणे मला शक्य नाही. मग नेमके काय बदलावे?

नेरूळचे प्रशिक्षक:
सर, सरावाचा दिवस आणि हेतू तिघांना एकच ठेवा. व्यायामाचा प्रकार, प्रमाण आणि विश्रांती मात्र माणसागणिक बदला. मुलाच्या मांडीचे हाड लांब असेल, तर बार (वजनाचा दांडा) पावलाच्या मध्यावर राखण्यासाठी धड पुढे नेण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. तिथे ओरडून उपयोग नाही. टाचेखाली पट्टी ठेवा, बार खांद्यांच्या पुढच्या बाजूला घ्या, नाहीतर सरळ स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक) द्या. धावण्याच्या ढबीलाही हेच लागू आहे. अमेरिकेच्या मायकेल जॉन्सनने १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये २०० मीटर १९.३२ सेकंदांत जिंकली ती ताठ धडाने आणि आखूड पावलांनी. आपल्याकडे अनेकांनी ती ढब आधी 'सुधारली' असती.

साहेबांच्या बाबतीत मी प्रथम विश्रांती तपासेन. ढोबळ हिशेब दर १० मीटरला एक मिनिट असा आहे, म्हणजे ६० मीटरच्या पूर्ण वेगाच्या धावेनंतर सहा मिनिटे. गटात मात्र सगळेच त्या तरुण मुलाच्या उत्साहाने पुन्हा रेषेवर येतात आणि त्याची किंमत वयाने मोठा माणूस मोजतो. हॅमस्ट्रिंगवर सर्वाधिक ताण पाऊल जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी येतो. त्यामुळे काही आठवडे त्यांना सपाट मैदानाऐवजी ठाण्यातल्या येऊर डोंगराच्या चढावर छोट्या धावा द्या: चढावर पाऊल आखूड पडते, वेग मर्यादित राहतो, तरी जोर पूर्ण लागतो. तिथे वाहने सुरू होण्याआधी जाणे मात्र आवश्यक आहे. आणखी एक: वेळ घसरू लागली की त्या दिवसाच्या धावा थांबवा, ठरलेला आकडा पूर्ण करू नका. हातातल्या स्टॉपवॉचवर ३० मीटरमधला सूक्ष्म फरक विश्वासाने दिसत नाही. मोबाइलवर स्लो मोशन चित्रण करून वेळ काढावी.

फिजिओथेरपिस्ट, ठाणे:
मुलीविषयी एवढेच लिहिते. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात वाटीखालचा स्नायुबंध नडगीच्या हाडाच्या वाढत्या भागाला ओढतो, आणि त्यातून ऑसगुड-श्लॅटर हा त्रास होऊ शकतो. तिला प्रत्यक्ष तपासून घ्याच. तोवर उड्या आणि खोल स्क्वॉट कमी करा, पण सराव बंद करू नका. दर महिन्याला तिची उंची नोंदवून ठेवा.

कोपरखैरण्याचे मास्टर्स धावपटू:
वय झाले म्हणून साहेबांचा वेग काढून घेऊ नका, ही विनंती. सेंट किट्सचा धावपटू किम कॉलिन्स याने २०१६ साली वयाच्या ४० व्या वर्षी १०० मीटर ९.९३ सेकंदांत पार केली. मला स्वतःला दोन वेगवान दिवसांमध्ये तीन दिवसांचे अंतर लागते, आणि रात्री उशिराच्या लोकलने उभे राहून घरी आलो असेन तर चार. वॉर्मअपच्या आधी त्यांना झोपेविषयी रोज विचारत जा.

ठाण्यातील प्रशिक्षक:
सर्वांचा मनापासून आभारी आहे. उत्तरे वाचून सरावाची वही काढली, तेव्हा साहेबांच्या दोन्ही दुखापती वजनांच्या दुसऱ्याच दिवशी झाल्याचे दिसले; ही नोंद तीन महिने माझ्याच हाताखाली होती. सोमवारपासून त्यांची वजने धावांच्याच दिवशी, धावा संपल्यावर घेईन आणि दुसरा दिवस मोकळा ठेवीन. मुलाला स्प्लिट स्क्वॉट देतो. मुलीच्या आईशी आज संध्याकाळी बोलणार आहे.